तारेतून येणारा व्यत्यय आतला की बाहेरचा? दिशा ओळखून करायचे समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथ आठवड्यातून दोन-तीनदा 'डीसी बस अंडरव्होल्टेज' (यंत्राच्या आतल्या डीसी पुरवठ्याचा दाब कमी पडला) असा इशारा देऊन थांबतो, वजनकाट्याचे शेवटचे दोन आकडे दुपारनंतर नाचत राहतात, पीएलसी (यंत्राचा नियंत्रक संगणक) आणि ऑपरेटर पॅनल यांच्यातील संवाद मध्येच तुटतो, आणि रीसेट केल्यावर सगळे पुन्हा सुरळीत चालू लागते. मालकांचे म्हणणे असते की लाइनच खराब येते. वितरण कंपनीचा कर्मचारी मीटरपाशी व्होल्टेज मोजतो, ते योग्य निघते, आणि दोष तुमच्याच यंत्रांचा आहे असे सांगून तो निघून जातो. त्यानंतर सर्व्हो स्टॅबिलायझर येतो, अर्थिंगचा नवा खड्डा खणला जातो, एखादा यूपीएस बसतो, आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार त्याच शब्दांत परत येते.

तक्रार परत येते, कारण व्यत्यय कोणत्या बाजूकडून कोणत्या बाजूकडे जात आहे हे कोणीच मोजलेले नसते. केवळ व्होल्टेजची नोंद, मग ती कितीही महागड्या उपकरणाने घेतलेली असो, दाब खाली गेला एवढेच सांगते. तो कोणी ओढला हे सांगत नाही. दिशा कळण्यासाठी त्याच ठिकाणचा, त्याच क्षणाचा विद्युतप्रवाहही सोबत नोंदवावा लागतो.

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवावी. वरच्या तक्रारीत तीन लक्षणे आहेत आणि ती एकाच कारणाची असतील असे मुळीच नाही. लेथ थांबतो तो बहुधा क्षणिक दाबघसरणीमुळे, म्हणजे ज्याला आपण सॅग किंवा डिप म्हणतो त्यामुळे. वजनकाटा नाचतो तो ड्राइव्हच्या, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या, उच्च वारंवारतेच्या गोंगाटामुळे. आणि या दोन्हींच्या जोडीला हार्मोनिक, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पटीतले प्रवाह, स्वतंत्रपणे वाहत असतात. एकाच इनकमरवर, म्हणजे वीज आत येते त्या मुख्य जोडणीवर, सॅग बाहेरून आत येत असतो आणि त्याच वेळी गोंगाट आतून बाहेर जात असतो. म्हणून 'व्यत्ययाची दिशा कोणती' हा प्रश्न प्रत्येक प्रकारासाठी वेगळा विचारावा लागतो. मालक आणि वितरण कंपनी यांच्या वादात अनेकदा दोघेही खरे बोलत असतात, फक्त ते वेगवेगळ्या व्यत्ययांबद्दल बोलत असतात.

क्लॅम्प लावण्यापूर्वी

क्लॅम्प म्हणजे तारेला कवेत घेऊन प्रवाह मोजणारा चिमटा. हे काम चालू पॅनलवर होते, त्यामुळे ते परवानाधारक विद्युत तंत्रज्ञानेच करावे. ट्रान्सफॉर्मरच्या इनकमरवर कॅट-४ या सुरक्षा दर्जाची, तर आतल्या पॅनलवर किमान कॅट-३ दर्जाची उपकरणे वापरावीत. ऑसिलोस्कोपने फेजचा दाब पाहायचा असेल तर डिफरन्शियल प्रोब वापरावा. प्लगची अर्थची पिन काढून स्कोप 'तरंगता' ठेवण्याची जी सवय अनेक कार्यशाळांत दिसते ती जिवावर बेतू शकते, कारण त्यानंतर स्कोपचे संपूर्ण धातूचे अंग फेजच्या दाबावर येऊ शकते. पॅनलमधील कायमस्वरूपी सीटीचे (करंट ट्रान्सफॉर्मरचे) दुय्यम टोक चालू प्रवाहात कधीही उघडू नये.

दिशा शोधताना सर्वाधिक चुका क्लॅम्पच्या बाणाबाबत होतात. बाण पुरवठ्याकडून भाराकडे असावा, तिन्ही फेजवर सारखाच असावा, आणि आर फेजच्या व्होल्टेजसोबत आर फेजचाच क्लॅम्प जोडलेला असावा. हे पाहून नव्हे तर मोजून खात्री करावी. कपॅसिटर बंद ठेवून मोटारींचा साधा भार चालू असताना तिन्ही फेजचे किलोवॉट धन आणि पॉवर फॅक्टर लॅगिंग (प्रवाह व्होल्टेजच्या मागे) दिसला पाहिजे. एखाद्या फेजवर किलोवॉट ऋण दिसले तर बाण उलटा आहे. पॉवर फॅक्टर विचित्र दिसला तर फेजची अदलाबदल झाली आहे. छतावर सोलर असेल तर मात्र दुपारी ऋण किलोवॉट खरेही असू शकतात, तेव्हा ही तपासणी सोलर बंद करून किंवा संध्याकाळी करावी. बाणाचे छायाचित्र काढून ठेवावे. ते पुढे उपयोगी पडते.

क्लॅम्प कोठे लावला यावर 'आत' आणि 'बाहेर' या शब्दांचा अर्थ ठरतो. एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कपॅसिटर आपोआप जोडणारा पॅनल) क्लॅम्पच्या पुढे, म्हणजे भाराच्या बाजूला असेल, तर तो 'आत' धरला जातो; मागे असेल तर आपलाच कपॅसिटर अहवालात 'बाहेरचा' ठरतो. शक्य असल्यास ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (कमी दाबाच्या) बाजूला, सर्व फाटे फुटण्याआधी पहिले मोजमाप घ्यावे आणि नंतर एकेका फीडरवर (फाट्यावर) सरकत जावे. दोन उपकरणे एकाच वेळी दोन ठिकाणी लावणार असाल तर त्यांची घड्याळे जुळलेली असणे आवश्यक आहे. आयईसी ६१०००-४-३० या मानकातील 'ए' वर्गाची उपकरणे यासाठीच उपग्रहाची किंवा नेटवर्कची वेळ घेतात.

दाबघसरणीची दिशा

नियम एका वाक्याचा आहे. बाण भाराकडे असताना दाब घसरला आणि त्याच क्षणी प्रवाह मोठ्या प्रमाणात वाढला, तर कारण क्लॅम्पच्या पुढे, म्हणजे आत आहे. दाब घसरला आणि प्रवाहही घटला किंवा उलटा झाला, तर कारण मागे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला आहे. पार्सन्स, ग्रेडी या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याच विचाराला गणिती रूप दिले. घटनेच्या काळातील तात्कालिक शक्तीतून आधीची स्थिर शक्ती वजा करायची, आणि उरलेल्या शक्तीच्या व ऊर्जेच्या चिन्हावरून व्यत्यय मीटरच्या पुढे आहे की मागे हे ठरवायचे. आजची अनेक पॉवर क्वालिटी उपकरणे 'अपस्ट्रीम' किंवा 'डाउनस्ट्रीम' असा शिक्का आपणहून मारतात. त्या शिक्क्यावर मी स्वतः तरंगाकृती पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारण आहे.

ड्राइव्ह, यूपीएस, एलईडी दिवे हे सगळे रेक्टिफायरमार्गे, म्हणजे एसीचे डीसी करून, वीज घेतात. बाहेरून खोल सॅग आला की डीसी बसचा दाब लाइनच्या शिखरापेक्षा जास्त राहतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. दाब परत येताच रिकामी झालेली बस भरण्यासाठी प्रवाहाचा मोठा ठोका बसतो, मोटारीही पुन्हा वेग घेण्यासाठी जास्त प्रवाह ओढतात. लॉगर (नोंदणी करणारे उपकरण) संपूर्ण घटनेतील किमान व्होल्टेज आणि कमाल प्रवाह शेजारी-शेजारी छापतो, आणि वाचणारा म्हणतो, दाब घसरला, प्रवाह वाढला, म्हणजे दोष आतला. हे निदान चुकीचे आहे. दिशा ठरवायची ती घसरणीच्या पहिल्या अर्ध्या ते एका आवर्तनात, म्हणजे पहिल्या १० ते २० मिलिसेकंदांत, कारण त्यानंतरचा प्रवाह हा परिणाम असतो. धावत्या इंडक्शन मोटारीही बाहेरच्या दोषाला काही आवर्तने उलटा प्रवाह पुरवतात, त्यामुळे नुसत्या आरएमएस (दिशा न दाखवणाऱ्या परिणामी) आकड्यात तेवढा वेळ प्रवाह वाढलेला दिसू शकतो. किलोवॉटचे चिन्ह पाहिले तर खरा प्रकार उघड होतो.

दुसरा फसवा प्रकार उथळ सॅगचा. दाब दहा टक्के घसरला तरी ड्राइव्ह मोटारीला तेवढीच शक्ती देत राहतो आणि त्यासाठी थोडा जास्त प्रवाह घेतो. म्हणजे बाहेरच्या सॅगमध्येही दाब कमी, प्रवाह जास्त! येथे चिन्ह उपयोगाचे नाही, आकारमान पाहावे लागते, आणि त्यासाठी पाच मिनिटांचे गणित पुरते.

३१५ केव्हीए, ११/०.४३३ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) ४.५ टक्के मानला तर एलटी बाजूने तो प्रत्येक फेजला सुमारे ०.०२७ ओहम होतो, आणि पूर्ण भाराचा प्रवाह ४२० अँपिअर. फेजचा दाब २५० व्होल्ट धरला तर १० टक्के घसरण म्हणजे २५ व्होल्ट. आपल्या भाराने ती घडवायची असेल तर जवळजवळ ९३० अँपिअरचा जादा प्रवाह वाहायला हवा. २० टक्क्यांसाठी सुमारे १,८५० अँपिअर. वरच्या ११ केव्ही जाळ्याचा इम्पिडन्स धरला तर हे आकडे काहीसे खाली येतील, पण त्यांचा अंदाज बदलणार नाही. आता क्लॅम्पने सॅगच्या क्षणी फक्त ४० अँपिअरची वाढ नोंदवली असेल, तर ती वाढ सॅगचे कारण असूच शकत नाही. उलट बाजूनेही पाहा: ३० किलोवॉटची, म्हणजे ४० अश्वशक्तीची मोटार थेट सुरू केली तर ती पूर्ण भाराच्या सहापट, म्हणजे साधारण ३३० अँपिअर ओढेल आणि या ट्रान्सफॉर्मरवर दाब जेमतेम साडेतीन टक्के खाली आणेल. 'कॉम्प्रेसर सुरू झाला की लेथ बंद पडतो' ही तक्रार खरी असली, तरी त्या साडेतीन टक्क्यांनी लेथ बंद पडत नाही. तेथे लेथच्या फीडरमधील सैल जोड, काळवंडलेला लग (केबलच्या टोकाचा जोड) किंवा बारीक केबल शोधावी.

ट्रान्सफॉर्मरची जोडणीही साक्ष देते. आपल्याकडचे वितरण ट्रान्सफॉर्मर बहुतेक डीवायएन-११ जोडणीचे, म्हणजे वर डेल्टा आणि खाली स्टार असे असतात. एलटीचा प्रत्येक फेज-न्यूट्रल दाब हा एचटीच्या (उच्च दाबाच्या बाजूच्या) दोन फेजमधील दाबापासून बनतो. त्यामुळे ११ केव्ही लाइनवर एका फेजचा जमिनीशी दोष झाला, समजा एखादी फांदी टेकली, तर आपल्या बाजूला एक नव्हे तर दोन फेज घसरतात आणि तिसरा जवळपास जागेवर राहतो. न्यूट्रल पक्का अर्थ केलेल्या जाळ्यात वरच्या फेजचा दाब अगदी शून्य झाला, तर खालचे ते दोन फेज ५८ टक्क्यांवर येतात. दोष दूर असेल तर घसरण कमी असते, पण 'दोन खाली, एक तसाच' हा आकार टिकतो. आपल्या आतल्या एकफेजी दोषात प्रामुख्याने तोच एक फेज कोसळतो. पावसाळ्यात नोंदवलेल्या सॅगमध्ये पहिला आकार वारंवार दिसला, तर आत शोधत बसण्यात अर्थ नाही.

हार्मोनिक

येथे प्रचलित नियम असा की ज्या हार्मोनिकची सक्रिय शक्ती ऋण दिसेल, म्हणजे मूळ ५० हर्ट्झची शक्ती आत येत असताना २५० किंवा ३५० हर्ट्झची शक्ती बाहेर जात असेल, ते हार्मोनिक आपल्या भारातून निघते. सहा-पल्स ड्राइव्ह पाचवे, सातवे, अकरावे आणि तेरावे हार्मोनिक निर्माण करतो, आणि एकटा मोठा ड्राइव्ह असेल तर हा नियम चालतो. परंतु दोन्ही बाजूंना उगम असतील तर तो डगमगतो: संशोधक विल्सन शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की अशा वेळी शक्तीची दिशा ही कोणाचा उगम मोठा आहे यापेक्षा दोन उगमांमधील कलेच्या (फेज कोनाच्या) फरकावर ठरते. म्हणून नुसते ऋण चिन्ह दाखवून शेजाऱ्यावर किंवा स्वतःवर ठपका ठेवू नये. आपला प्रवाह वाढतो तेव्हा त्याच क्रमांकाची दाबविकृतीही वाढते का, हे एका पूर्ण पाळीत पाहावे. जेवणाच्या सुट्टीत ड्राइव्ह बंद असतानाही विकृती तशीच राहिली तर ती बाहेरची आहे. हे मोजमाप साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घेण्याचा मोह होतो, पण पुणे-पिंपरी परिसरात गुरुवारी शेजारचे कारखानेही बंद असतात. त्या दिवशी बाहेरचा व्यत्ययही सुट्टीवर असतो.

तिसऱ्या हार्मोनिकची गोष्ट सोपी आहे. डेल्टा गुंडाळीमुळे तिन्ही फेजमध्ये समान असलेले १५० हर्ट्झ ट्रान्सफॉर्मर ओलांडून येत नाहीत. न्यूट्रलमध्ये १५० हर्ट्झचा मोठा प्रवाह असेल तर तो आपल्याच संगणकांचा, एलईडी दिव्यांचा आणि एकफेजी पॉवर सप्लायचा आहे. तसेच थायरिस्टरच्या डीसी ड्राइव्हमुळे व्होल्टेजच्या तरंगात प्रत्येक आवर्तनाला सहा खाचा पडतात, आणि त्या जसजसे उगमाजवळ जावे तसतशा खोल होतात. पॅनलमागून पॅनल स्कोप फिरवला की वाट आपोआप सापडते.

या सगळ्यात एपीएफसी पॅनल मात्र विसरू नये. वरच्याच ट्रान्सफॉर्मरची शॉर्टसर्किट क्षमता ३१५ भागिले ०.०४५, म्हणजे सुमारे ७,००० केव्हीए. त्याला चालू कपॅसिटरच्या केव्हीएआरने, म्हणजे क्षमतेने, भागून वर्गमूळ काढले की अनुनादाचा क्रमांक, म्हणजे जे हार्मोनिक सर्वाधिक फुगते त्याचा क्रमांक, मिळतो. १४३ केव्हीएआर चालू असतील तर उत्तर सात येते. म्हणजे एपीएफसीच्या पायऱ्या त्या आकड्याजवळ पोहोचल्या की बाहेरून आलेले किंवा आतून निघालेले किरकोळ सातवे हार्मोनिक कित्येक पटींनी फुगते आणि मोजणाऱ्याला कपॅसिटरच उगम वाटू लागतो. पायऱ्या हाताने एकेक बंद करून विकृती कशी बदलते ते पाहावे. ती अचानक ओसरली तर दिशेचा वाद तेथेच सोडून सात टक्के रिअॅक्टर असलेली डीट्यून्ड कपॅसिटर बँक बसवावी. तिची जुळणी १८९ हर्ट्झला, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या खाली असते.

कपॅसिटर जोडला जातानाच्या झटक्याची दिशाही ओळखता येते. जोडणीच्या क्षणी व्होल्टेज आधी शून्याकडे झेपावते आणि मग काहीशे हर्ट्झने थरथरते. त्या पहिल्या झेपेच्या वेळी व्होल्टेजचा बदल आणि प्रवाहाचा बदल परस्परविरुद्ध चिन्हांचे असतील तर कपॅसिटर पुढे आहे. समान चिन्हांचे असतील तर मागे, म्हणजे वितरण कंपनीच्या किंवा शेजाऱ्याच्या बाजूला. पुढची थरथर या कामासाठी निरुपयोगी आहे.

ड्राइव्हचा गोंगाट

आता वजनकाटा. ड्राइव्हचे स्विचिंग साधारण २ ते १६ किलोहर्ट्झने होते आणि त्याच्या तीक्ष्ण कडांमुळे गोंगाट कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. साधा लोखंडी गाभ्याचा क्लॅम्प हे पाहूच शकत नाही. उच्च वारंवारतेचा करंट प्रोब लागतो. प्रथम तो एका फेजवर लावावा, नंतर तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांना एकत्र कवेत घेऊन लावावा. एकत्र लावल्यावर नेहमीचा प्रवाह परस्पर रद्द होतो आणि जे उरते तो सामाईक प्रवाह अर्थमार्गे परतणारा असतो. वजनकाट्यांना त्रास देणारा बहुधा हाच.

त्याची दिशा पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एकाच जागी व्होल्टेज आणि प्रवाह यांची पहिली कड पाहिली, तर समान चिन्हे म्हणजे लहर बाणाच्या दिशेने चालली आहे आणि विरुद्ध चिन्हे म्हणजे बाणाच्या उलट. दुसरा मार्ग वेळेचा. केबलमध्ये अशी लहर एका मायक्रोसेकंदात साधारण १५० ते १८० मीटर जाते, म्हणजे ५० मीटर अंतरासाठी सुमारे ०.३ मायक्रोसेकंद. सेकंदाला दहा कोटी नमुने घेणारा स्कोप १० नॅनोसेकंदांपर्यंत भेद करतो, तेव्हा हे मोजता येते. दोन्ही प्रोबच्या तारा सारख्या लांबीच्या हव्यात, आणि सुरुवातीला दोन्ही प्रोब एकाच जागी लावून त्यांच्यातला मूळ फरक शून्य करून घ्यावा. येथेही पहिल्या कडेवरच थांबावे. मागून येणारे कंप हे केबलच्या टोकांवरून परावर्तित झालेले असतात आणि ते दोन्ही दिशांना धावतात.

मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावून केबल ट्रेच्या कडेने चालण्याची जुनी युक्ती अजूनही चांगली आहे, पण ती केवळ संशयित शोधण्यासाठी. गोंगाट वाहणारी केबल सबंध लांबीभर खरखर ऐकवते आणि स्थिर लहरींमुळे ती कोठे मोठी, कोठे लहान होते, तेव्हा आवाज मोठा म्हणजे उगम जवळ असा निष्कर्ष काढू नये.

उगमाची पक्की ओळख पटवण्यासाठी मला सर्वांत आवडणारी चाचणी फुकट आहे. संशयित ड्राइव्हची कॅरिअर फ्रीक्वेन्सी (स्विचिंगची वारंवारता) पॅरामीटरमधून ८ किलोहर्ट्झवरून ४ किलोहर्ट्झ करा आणि काट्याजवळच्या प्रोबवर गोंगाटाच्या ठोक्यांमधले अंतर १२५ वरून २५० मायक्रोसेकंद होते का ते पाहा. झाले, तर उगम तोच. ड्राइव्हचा वीजपुरवठा चालू ठेवून फक्त 'स्टॉप' दिल्यावर गोंगाट गेला तर दोष मोटारीकडील बाजूचा आहे. एमसीबी पाडल्यावरच गेला तर आतल्या पॉवर सप्लायचा किंवा रेक्टिफायरचा.

अर्थिंगच्या नव्या खड्ड्याने फरक का पडत नाही हेही येथे कळते. हा प्रवाह जमिनीत शिरून नाहीसा होत नाही. तो मोटारीच्या केबलच्या आणि गुंडाळ्यांच्या धारकतेतून मोटारीच्या अंगावर येतो आणि ड्राइव्हच्या डीसी बसकडे परतण्याची वाट शोधतो. मोटारीची केबल शील्ड केलेली नसेल, किंवा शील्ड पिळून एका तारेने जोडली असेल, तर ती वाट इमारतीच्या अर्थमधून आणि वजनकाट्यातून जाते. शील्ड दोन्ही टोकांना संपूर्ण परिघाने ग्लँडमध्ये (केबल पकडणाऱ्या धातूच्या जोडात) पकडणे, ड्राइव्हच्या मुखाशी गोंगाट अडवणारा ईएमसी फिल्टर लावणे आणि काट्याची केबल वेगळ्या ट्रेमधून नेणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

लेथचा सॅग बाहेरचा ठरला, तर सर्व्हो स्टॅबिलायझर त्याला वाचवू शकत नाही, कारण शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा सॅग संपतो तेव्हा त्याचा ब्रश जेमतेम हललेला असतो. संपूर्ण यंत्राला यूपीएस देण्याआधी केवळ कंट्रोल सप्लाय, म्हणजे कॉन्टॅक्टरची कॉइल, पीएलसी आणि रिले यांना लहान यूपीएस किंवा सीव्हीटी (स्थिर दाब देणारा ट्रान्सफॉर्मर) देऊन पाहावे, आणि ड्राइव्हमध्ये सॅगनंतर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय असल्यास, सुरक्षेचा विचार करून, ती वापरावी. वितरण कंपनीकडे तक्रार करताना महिन्याभरातील सॅगची तारीख-वेळ, प्रत्येकाची व्होल्टेज आणि प्रवाह एकाच चौकटीत दाखवणारी तरंगाकृती आणि क्लॅम्पच्या बाणाचे ते छायाचित्र जोडावे, म्हणजे त्यांना उपकेंद्रातील फीडर ट्रिपिंगच्या नोंदीशी ते ताडून पाहता येते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत पुरवठा संहिता आणि सेवेच्या कृती-मानकांसोबत विजेच्या गुणवत्तेचाही समावेश आहे, तेव्हा अर्जात त्यांचा उल्लेख करावा. उपाय झाल्यानंतर पुन्हा मोजमाप घ्याल तेव्हा क्लॅम्प त्याच जागी आणि बाण त्याच दिशेला ठेवावा, अन्यथा आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना करता येणार नाही.